डोक्याची जखम आणि कागदावरचा आकडा



महोत्सवाच्या सभेत एका मास्तराने डोक्याच्या जखमांविषयी बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु औषधोपचाराच्या मदतीसाठी अर्ज करताना दवाखान्याचा कागद जोडावाच लागतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एक मुलगा मधल्या सुट्टीत पायऱ्यांवरून घसरला. सदरा रक्ताने भिजला. आम्ही घाबरून गेलो. दवाखान्यात तीन टाके पडले आणि संध्याकाळी मुलगा हसत घरी गेला. कागदावर मात्र ‘डोक्याला इजा’ एवढेच लिहिले होते. विम्याच्या कचेरीने विचारले, इजा कशाला? कातडीला, हाडाला की मेंदूला? त्याची आई विड्या वळून घर चालविते. त्या एका प्रश्नापायी तिचे पैसे तीन महिने अडकून पडले.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने आकड्यांत बांधून ठेवले आहे. १८९३ साली पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटना सांभाळते, आणि तेव्हापासून तीत आजार व इजाही आल्या. तिच्या दहाव्या आवृत्तीत डोक्याच्या कातडीला नुसते खरचटले किंवा टेंगूळ आले तर एस ००.०, कातडी फाटली तर एस ०१.०, कवटीचे हाड मोडले तर एस ०२, मेंदूला हादरा बसला तर एस ०६.०. अपघात कशाने झाला याचा आकडा निराळा. पायऱ्यांवरून पडणे म्हणजे डब्ल्यू १०. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत खुणा बदलल्या, हेतू तोच.

आपल्या सीमाभागात याचे मोल अधिक. १९५६ साली बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पण औषधपाण्यासाठी माणसे आजही कोल्हापूर-मिरज गाठतात. घरात मराठी किंवा उर्दू, कचेरीत कानडी, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. एस ०१.० चा अर्थ मात्र कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच!

परंतु दुसरी हकीकत सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील. एका मुलीचे डोके खांबावर आपटले. रक्ताचा थेंब नाही, फक्त टेंगूळ. डॉक्टरांनी तपासून किरकोळ इजा लिहिली. आम्हीही तिच्या वडिलांना म्हणालो, ‘काळजी नको, कागदावर किरकोळच आहे.’ रात्री तिला वांत्या सुरू झाल्या, ती पेंगू लागली. वडील आमच्या शब्दावर विसंबून पहाटेपर्यंत थांबले. सुदैवाने ती वाचली. त्यांनी आम्हांला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलो.’ ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही.

डॉक्टरांनी त्या घटकेला जे पाहिले, त्याचे नाव म्हणजे तो आकडा. पुढच्या रात्रीची ती हमी नव्हे. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात आणि कापल्या गेल्या तरी सहजी मिटत नाहीत. म्हणून लहान जखमही फार वाहते. उलट आतला रक्तस्राव बाहेर दिसतच नाही. रक्तावरून इजा मोजू नये.

म्हणून आमचे सांगणे थोडेच आहे. जखमेत हळद, चहापूड किंवा तंबाखू भरू नये. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. पहिला दिवस व रात्र लक्ष ठेवावे. पुन्हा पुन्हा वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी एक जरी दिसले तरी कागद बाजूला ठेवून तात्काळ इस्पितळ गाठावे. आणि दवाखान्यातून निघताना, जखम कोठे, केवढी, कशाने झाली आणि तिचा आकडा कोणता, हे लिहून मागावे. मागण्यात लाज नाही.

ट्रस्टने आपल्या अर्जावर या चार गोष्टींसाठी चार ओळी छापाव्यात, अशी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.