पाकिटावर वार लिहा



  डॉक्टरांच्या परिषदेत अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पण नव्या जैविक औषधांवर कालचा अख्खा दिवस खर्ची पडला, ते मी पुन्हा उगाळत नाही. बरीच वर्षं मनात दाबून ठेवलेलं एक बोलायचं आहे, आणि ते आमवातात आपण देतो त्या मेथोट्रेक्सेटबद्दल आहे. औषध जुनं, स्वस्त, आपल्या सगळ्यांच्या हाताखालचं. त्यावरचा निबंध ऐकायला सभागृह भरत नाही, पण ते चुकीचं घेतल्याने माणसं आजही दगावतात.

या औषधाच्या इतिहासाचं एक टोक आपल्या परळमध्ये आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा तिने हाफकिन संस्थेत अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त भरून येतं, हे १९३१ मध्ये तिने प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला कामाचा घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे ते प्रयोगशाळेत तयार केलं अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत, भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना असं दिसलं की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक दिलं की आजार उलट बळावतो. मग त्यांनी फॉलिकचं काम अडवणारं ॲमिनोप्टेरिन लेडर्लेकडून मिळवलं. १९४८ च्या त्यांच्या निबंधात १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा नोंदवली आहे. ती टिकली नाही, पण दार उघडलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं. १९५६ मध्ये हर्ट्झ आणि ली यांनी त्याच्या जोरावर वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग बरा करून दाखवला. सांधे आणि सोरायसिस यांच्याकडे ही औषधं वळली ती १९५१ पासून.

कर्करोगात हे औषध शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात जातं. तेव्हा रुग्ण वॉर्डात असतो, सलाईन चालू असतं, लघवी तपासली जाते, उतारा म्हणून द्यायच्या फॉलिनिक ॲसिडची वेळ घड्याळ लावून पाळली जाते. आमवातात आपण देतो साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. एवढीशी मात्रा, म्हणून आपण निर्धास्त. पण ही एवढीशी मात्रा रोज पोटात गेली तर तोंडाचं अस्तर, आतडी आणि अस्थिमज्जा यांना सावरायला उसंतच मिळत नाही. मधले सहा दिवस हाच या उपचारातला सुरक्षितपणा आहे.

बार्शीकडच्या एका शेतमजूर बाईंना सुनेने माझ्याकडे आणलं. तोंडाला पदर. तो बाजूला केला तेव्हा ओठ सोलवटलेले, जिभेवर पांढरे चट्टे, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. गावात उष्णता म्हणून गुलकंद झाला होता, मग बी-कॉम्प्लेक्स, मग तापासाठी सल्फाची गोळी. ती तर मेथोट्रेक्सेटबरोबर कधीच देऊ नये अशी! सुनेने कॅरीबॅग उलटी केली. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी, तिच्यावर गोळी कधी घ्यायची याची घाईत खरडलेली इंग्रजी आद्याक्षरं. औषध दुकानाच्या कागदी पाकिटावर निळ्या पेनाने ‘१ रात्री’. आत पंधरा मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची पट्टी, दहाही घरं रिकामी. सून म्हणाली, “एकबी दिवस चुकवला न्हाई, डॉक्टर.” पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली. फॉलिनिक ॲसिडचं इंजेक्शन आमच्या गावात नव्हतं. मुलगा रात्रीच्या एसटीने पुण्याला जाऊन घेऊन आला. बाई वाचल्या नाहीत.

सकाळच्या परिसंवादात वाद झाला की हे कर्करोगाचंही औषध आहे हे रुग्णाला सांगावं का. सांगू नये म्हणणाऱ्यांना मी माझ्या एका शिक्षक रुग्णाचं उदाहरण देतो. त्यांना आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोबाईलवर वाचलं आणि गोळी बंद केली. परत आले तेव्हा खडू धरता येत नव्हता. पहिल्या भेटीत सांगा, आणि मात्रेतला फरकही सांगा. दुसरा वाद, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीने देतो ते फॉलिक ॲसिड रोज द्यावं की आठवड्यातून एकदा. माझं मत: ज्या घरात दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारीक आहेत, तिथे रोजचं फॉलिक नको. हात चुकीच्या पट्टीकडे जातो, हे मी पाहिलेलं आहे. फॉलिकलाही वारच ठरवून द्या, मेथोट्रेक्सेटच्या वारापासून दूरचा.

आणि वार रविवारच हवा हा हट्टही सोडा. शेतावरच्या माणसाला रविवार वेगळा उगवत नाही. मी विचारतो, “तुमच्याकडे बाजार कधी?” बुधवारचा बाजार असेल तर गोळी बुधवारी, बाजारातून आल्यावर, जेवून. असे माझे रुग्ण वर्षानुवर्षं गोळी घेताहेत, रोजची चूक त्यांच्यात झालेली नाही.

युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये ठळक इशारे आणि रुग्णाजवळ ठेवायचं कार्ड यांची शिफारस केली, म्हणजे तिथेही ही रोजची चूक घडतेच. आपल्याकडे कार्ड मराठीत निघायला हवं. त्याचा मसुदा लवकरच करू. औषध विक्रेत्यांशीही बोलावं लागेल. यकृत, फुप्फुसं, गरोदरपण, दारू यांवर एक पुस्तिका काढण्याचाही विचार आहे.

पण कार्ड छापून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: चिठ्ठीवर आणि पाकिटावरही मराठीत पूर्ण वार लिहायचा, ‘रोज घेऊ नये’ हे त्याखाली, आणि एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या. ओपीडीत शंभर माणसं असताना एवढं लिहायला वेळ कुठे, असं चहाच्या वेळी दोघांनी मला ऐकवलं. त्यांनी ते दुपारी मंचावर येऊन म्हणावं. उत्तर द्यायला मी तिथेच बसलेला असेन.