भाड्याच्या गाडीचा धूर



पुण्या-मुंबईतल्या नोकरदारांना लीजच्या गाडीचं आता नवल राहिलेलं नाही. गाडी दारात उभी, हप्ता पगारातून कापला जातो, मालकी मात्र लीज देणाऱ्या कंपनीची. करारात विमा असतो, सर्व्हिसिंग असतं, टायरसुद्धा असतात. धूर कुणाच्या नावावर, हे मात्र त्यात सापडत नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचं स्वतःचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास. बाकीचं वजन कुठून येतं? जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं ते वजन. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर फिरली तर १,००० लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे २.३ टन धूर. चार वर्षांच्या लीजमध्ये नऊ टनांहून जास्त. युरोपातल्या मोठ्या लीज कंपन्यांकडे अशा गाड्या लाखोंनी आहेत.

या हिशेबाचे नियम २००१ साली ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलने घालून दिले. त्यात तीन खाती आहेत. स्वतः जाळलेलं इंधन स्कोप १ मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये आणि पुढची-मागची सगळी साखळी स्कोप ३ मध्ये. त्याच प्रोटोकॉलच्या २०११ च्या मानकाने या तिसऱ्या खात्याचे १५ भाग पाडले. त्यातला तेरावा भाग भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा. गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयातले दिवे आणि एसी या तेराव्या भागापुढे किरकोळ ठरतात.

खरी गुंतागुंत इथेच आहे. गाडीवर आर्थिक ताबा कुणाचा, असं धरून मोजलं तर भाड्याने दिलेल्या गाडीचा धूर कंपनीच्या स्कोप १ मध्ये येतो. रोजचा वापर कुणाच्या हातात, असं धरलं तर तोच धूर स्कोप ३ मध्ये सरकतो. दोन्ही पद्धती नियमात बसतात. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, पण त्या नमुन्यात स्कोप ३ ऐच्छिक ठेवला. म्हणजे तेरावा भाग कोरा ठेवूनही अहवाल नियमाला धरून असू शकतो. मला हे मुळीच पटत नाही.

म्हणूनच नेदरलँड्सच्या लीजप्लॅनची गोष्ट मला मोलाची वाटते. २०१७ साली या कंपनीने जाहीर केलं की २०३० पर्यंत आपल्या ताफ्याचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. गाड्या चालवणार गिऱ्हाईक, पण धूर आपलाच, असं तिने मानलं. पुढे २०२३ मध्ये एएलडी या दुसऱ्या लीज कंपनीने ती विकत घेतली आणि आता एकत्रित कंपनीचं नाव आहे आयवेन्स. हे वचन हवेतलं नव्हतं, कारण लीजचा ताफा तीन-चार वर्षांत बदलतोच. घरची गाडी आपण दहा-बारा वर्षं वापरतो.

तरी वचन वाचताना एक शब्द शोधावा : 'टेलपाइप'. सायलेन्सरमधून निघतो तेवढाच धूर त्यात धरलेला असतो. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. एका युनिटवर छोटी इलेक्ट्रिक गाडी सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम. मघाच्या पेट्रोल गाडीचे दीडशे ग्रॅम होतात. फायदा आहे, आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वीज वाढेल तसा तो वाढेल, पण हे शून्य नाही. शिवाय लीज संपल्यावर जुनी डिझेल गाडी विकली की कंपनीच्या वहीतून तिचा धूर पुसला जातो. ती गाडी दुसऱ्या कुठल्यातरी गावात धावतच राहते.

कारखान्याच्या आकड्यावर विसंबूनही चालत नाही. मार्च २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं. लोक त्या पुरेशा चार्ज करत नव्हते, पेट्रोलवर चालवत होते.

लीज कंपनीला अंदाज करत बसण्याची गरज नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटर नोंदवले जातात, इंधनाची कार्डं असतील तर भरलेले लिटरही कळतात. गाडी परत घेताना कंपनीचा माणूस ओडोमीटरचा आकडा लिहूनच घेतो. वार्षिक अहवालातला कार्बनचा आकडा या नोंदींमधून यावा, आणि विकलेल्या गाड्या किती नि कुठे गेल्या, हेही शेजारी छापावं.