ओंजळीतला मासा



पुराणातला महाप्रलय रुपेरी पडद्यावर कसा आणावा, असा आजचा विषय आहे. मी चित्रपटाचा जाणकार नाही, संस्कृतचा पंडित तर नव्हेच. यंत्रमाग कामगारांच्या सभा घेता घेता, वाचनालयातून मिळेल ते वाचत आलेला मी माणूस. पण हा विषय मला परका वाटला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत घरांतून पाणी शिरले, उभी पिके गेली. आम्ही काही मंडळी धान्य आणि चादरी घेऊन गेलो होतो. एका घरातला चिखल उपसता उपसता एक म्हातारी थांबली आणि मला म्हणाली, "आमी आसं काय पाप केलं आसंल, बाबा?" मला उत्तर देता आले नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या उत्तराचाच शोध आहे.

पूर आला म्हणजे कोणाचे तरी पाप असले पाहिजे, ही समजूत फार जुनी. बायबलातल्या नोहाच्या कथेत ती उघड सांगितली आहे. माणसे दुष्ट झाली, देवाला पश्चात्ताप झाला, आणि नोहाचे कुटुंब व प्राण्यांच्या जोड्या एवढेच तारवात वाचले. पण आपल्याकडची सर्वांत जुनी कथा अशी नाही. ती शतपथ ब्राह्मणात आहे. मनू सकाळी हात धूत असताना त्याच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो. मासा म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून? तर येणाऱ्या महापुरापासून. आणि सांभाळायचे का, याचे कारणही तो सांगतो. आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश फार, कारण मासाच माशाला गिळतो. मग मनू त्याला आधी घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर येतो. माशाच्या शिंगाला नावेचा दोर बांधला जातो आणि नाव उत्तरेच्या डोंगराला लागते.

या कथेत पापाचा एक शब्द नाही. आहे तो एका दुबळ्या जिवाचा भाव, त्याला दिलेला आसरा, आणि त्याने वेळेवर दिलेली सूचना. पुढे महाभारतात सप्तर्षी आणि सर्व बीजे नावेत आली, भागवतात वासुकीचा दोर झाला, मासा साक्षात विष्णू ठरला. कथा मोठी होत गेली, माशासारखीच. पण तिचा जीव त्या पहिल्या ओंजळीत आहे.

दूरदेशीही असेच दिसते. लंडनला नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवारी केलेला जॉर्ज स्मिथ नावाचा एक तरुण जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मातीच्या विटांवरची कीलाक्षरे शिकला. १८७२ साली त्याने तिथल्या एका विटेवर प्रलयाची कथा वाचली. त्या कथेत देव कुडाच्या भिंतीला उद्देशून बोलतो, म्हणजे आत बसलेल्या माणसाला ऐकू जावे. तिथेही कथेची कळ आहे ती वेळेवर मिळालेल्या सूचनेत.

आता पडद्याकडे वळू. पुराणकथा पडद्यावर आणण्यात आपला महाराष्ट्र पहिला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. १९१७ च्या 'लंकादहना'त राम दिसला की लोक हात जोडत. १९१९ च्या 'कालियामर्दना'त त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आणि त्यांचा शेवटचा चित्रपट, एकुलता बोलपट, तोही पाण्याचाच: कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण'. या साऱ्याच्या मुळाशी कोणाचे हात होते? सरस्वतीबाई फाळक्यांनी फिल्मला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. पडद्यावर देव अवतरला, तो या माउलीच्या कष्टांवर.

प्रभात कंपनीचे उदाहरण अधिक जवळचे. १९२९ साली कोल्हापुरात तिचा पहिला मूकपट निघाला, 'गोपाळकृष्ण'. १९३८ साली पुण्यात दामले-फत्तेलाल यांनी त्याच नावाचा बोलपट काढला. राम मराठे त्यात बालकृष्ण होते. त्यात गोवर्धनाचा प्रसंग आहे. कोसळता पाऊस, वाहणारे गोकुळ आणि त्यावर धरलेला डोंगर. आपल्या आया-आज्या ही कथा सांगताना एक गोष्ट कधी विसरत नाहीत. कृष्णाने करंगळी लावली, तशा गोपाळांनी आपापल्या काठ्या लावल्या. करंगळीने डोंगर उचलला जातो ही श्रद्धा झाली. काठ्यांशिवाय तो उचलायचा नाही, हे लोकांनी त्या श्रद्धेत हळूच घातलेले शहाणपण आहे. आपले सिद्धेश्वर तळेच पाहा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते खोदविले असे आपण म्हणतो आणि योग्यच म्हणतो. पण मातीची टोपली अनेकांच्या डोक्यावर होती.

टोपलीवाला विसरला की काय होते, त्याची कथा अमेरिकेत घडली. १९२८ साली मायकेल कर्टिझ याने 'नोहाज आर्क' हा चित्रपट काढला. प्रलय खरा वाटावा म्हणून प्रचंड टाक्यांतले पाणी गर्दीतल्या माणसांवर सोडण्याचे ठरले. ही माणसे रोजंदारीवर आलेली. या माणसांचे काय होणार, असे छायाचित्रकार हॅल मोर याने विचारले, आणि समाधान होईना तेव्हा त्याने काम सोडले. पाणी सुटले. अनेकजण जखमी झाले. तिघे बुडाले आणि एकाचा पाय गेला, असे सांगितले जाते. पापी लोक बुडाले हे दाखवायचे होते. प्रत्यक्षात पाण्याखाली गेले ते रोजावरचे लोक. मासा माशाला गिळतो, तो असा. काम सोडणारा मोर मला मनूच्या वंशातला वाटतो.

त्याच कथेवर २०१४ साली डॅरेन ॲरोनॉफ्स्की याने 'नोहा' काढला. पैगंबर पडद्यावर दाखवला म्हणून कतार, बहरीन, संयुक्त अरब अमिराती या देशांनी त्यावर बंदी घातली. तो वाद बाजूला ठेवू. त्यातला एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. तारवाचे दार बंद आहे, आत कुटुंब बसले आहे, आणि बाहेर खडकाला धरून राहिलेल्या माणसांचा आक्रोश आत ऐकू येतो आहे. घरचे म्हणतात, आपल्याकडे जागा आहे, दोर सोडू. नोहा ऐकत नाही. मूळ ग्रंथात हा आक्रोश नाही. दिग्दर्शकाने तो घातला, आणि माझ्या मते त्याने कथेशी द्रोह केला नाही. तिच्यातली मुकी राहिलेली माणसे बोलती केली.

कोणी म्हणेल, धर्मकथेला हात लावू नये. मी म्हणतो, शतपथापासून भागवतापर्यंत ती बदलतच आली. भक्तांनीच ती बदलली. हात जरूर लावावा, पण हात स्वच्छ असावा. मोठे पाणी दाखवणे आता सोपे झाले आहे. संगणकावर अख्खा समुद्र उभा करता येतो, कोणाला भिजावेही लागत नाही. म्हणूनच धोका असा, की पाणी मोठे होईल आणि मासा दिसेनासा होईल. उद्या एखाद्या मराठी तरुणाने मनूची कथा पडद्यावर आणली, तर त्याने पहिला अर्धा तास त्या घागरीला द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. दुबळ्याला आसरा देणाऱ्यालाच संकटाची सूचना आधी कळते, हे एकदा प्रेक्षकाला पटले, की मागून कितीही लाटा येऊ द्याव्यात.

आणि त्या म्हातारीला आता मी उत्तर देऊ शकेन. मी म्हणेन, "आजी, तुम्ही काही पाप केले नाही. मनूच्या गोष्टीत पुराला पाप लागत नाही. तिथे विचारायचे असते ते एवढेच: सूचना कोणाला मिळाली, नाव कोणाजवळ होती, आणि दोर कोणी सोडला?" हे तीन प्रश्न जो चित्रपट विचारील, तो पाहायला मी तिला घेऊन जाईन, आणि तिकीट मीच काढीन.