मागच्या बाकाची गाडी



जुन्या गाड्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांब बॉनेटची ब्यूक येते, नाहीतर एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉईस. मुंबईत अशा गाड्यांच्या रॅली निघतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, तिचा फोटो सहसा कुणी काढला नाही. ती सकाळी सातच्या सुमारास कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडायची. पुढे ड्रायव्हर आणि सुपरवायझर, मागच्या बाकावर तीन-चार फिटर, आणि त्यांच्या पाठीमागे उघड्या हौद्यात पाइप, चेनपुली, वेल्डिंगचे सिलिंडर. इंग्रजीत तिला क्रू कॅब म्हणतात. आमच्या रसायनी-मोहोपाड्याकडे डबल केबिन. हल्लीची मुलं तिला सरसकट कॅम्पर म्हणतात, कारण त्यांनी पाहिलेली डबल केबिन म्हणजे बोलेरो कॅम्पर.

रसायनी हे गाव कशावर उभं राहिलं ते त्याच्या नावातच आहे. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात तिचा कारखाना आला. मग हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स आली, एमआयडीसी आली, १९८२ मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना आला. अशा ठिकाणी नदीकाठचा एखादा पंप रात्री बंद पडला, तर नुसती माणसं पाठवून भागत नाही आणि नुसतं सामान पाठवूनही भागत नाही. दोन्ही एकाच फेरीत जावं लागतं. जीपमध्ये सामान मावत नाही. ट्रक नेला तर माणसं हौद्यात बसून भिजतात. आणि आमच्याकडचा पाऊस काही चेष्टेचा नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. डबल केबिन ही या अडचणीतून निघालेली गाडी आहे.

ही अडचण जगभर सारखीच होती. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९५७ साली ट्रॅव्हलेट नावाची डबल केबिन पिकअप बाजारात आणली. इंटरनॅशनल म्हणजे तेच, ज्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. गंमत म्हणजे या पहिल्या गाडीला दरवाजे तीनच होते. चौथा १९६१ मध्ये आला. जर्मनीत फोक्सवॅगननं १९५८ पासून स्वतःच्या कारखान्यात डबल केबिन बनवायला घेतली. पण त्याआधी काही वर्षं बिन्झ नावाचा एक बॉडी बिल्डर फोक्सवॅगनच्या साध्या पिकअपवर स्वतःची दुसरी केबिन चढवून देत असे. आज त्या बिन्झच्या गाड्या शौकीन मंडळी शोधत फिरतात. बिन्झचं हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे त्या काळात कंपनीतून तयार डबल केबिन मिळणं दुर्मिळच. चासी घ्यायची आणि बॉडी बिल्डरकडे न्यायची, तो गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे केबिन बांधून देणार. माझी गाडी अशीच आहे. १९७४ च्या नोंदणीची महिंद्र एफसी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चपट्या तोंडाची, बॉनेट नसलेली जीप. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. तिकडे १९६५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण महिंद्रनं इथे ती पुढे बरीच वर्षं बनवली. शाळेची मिनीबस, रुग्णवाहिका, पिकअप अशा रूपांत पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांनी ती नक्की पाहिली असेल. याच घराण्यात अमेरिकी मरीन दलासाठी एम-६७७ नावाची चार दरवाजांची डबल केबिनही झाली. माझीचा मात्र तिच्याशी संबंध नाही. माझी मागची केबिन कुण्या देशी मिस्त्रीनं बांधलेली.

एफसीत ड्रायव्हर बसतो पुढच्या चाकांच्या डोक्यावर, आणि इंजिन असतं दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात डावा पाय शेकून निघतो. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच. पण समोरचा रस्ता असा दिसतो, की बोरघाटाच्या वळणावर आपण गॅलरीत उभं राहून खाली बघतोय असं वाटावं.

माझ्या हाती ती आली, तेव्हा एका कंत्राटदाराच्या आवारात सहा पावसाळे उघड्यावर काढून झाले होते. अशी गाडी घेताना लोक आधी इंजिन बघतात. मी म्हणतो, आधी आरसी बुक बघा, मग चासीवरचा नंबर, मग पत्रा, आणि इंजिन सर्वांत शेवटी. एफसीची यंत्रं बहुतेक जीपचीच आहेत. गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेकचे भाग अजून मिळतात. कळंबोलीत विचारा, कुर्ल्याच्या भंगार बाजारात विचारा, कुणीतरी पोत्याखालून काढून देतो. पत्रा मात्र कुणाकडेच नाही. तो ठोकूनच करावा लागतो.

डबल केबिन कुठे सडते, हेही ठरलेलं असतं. पुढची केबिन कंपनीची, मागची मिस्त्रीची. दोन्हींचा सांधा दाराच्या मधल्या खांबापाशी येतो. तिथे छपरावरचं पाणी शिरतं, खांबाच्या आतून उतरतं आणि मागच्या बाकाखाली साचतं. बाकाखाली हत्यारांची पेटी, त्यामुळे तिथे कुणी बघतच नाही. दुसरी जागा म्हणजे केबिनची मागची भिंत आणि हौदा यांच्यामधली चार बोटांची फट. पालापाचोळा, चिखल, आणि कारखान्याच्या गाडीत जे काही सांडलं असेल ते सगळं त्यात. माझ्या गाडीचा तो पत्रा बोटानं दाबला तर पापडासारखा मोडत होता.

खोपोलीकडचा एक डेंटर मी घरी आणला. वयानं माझ्याहून बराच लहान, पण हात सोन्याचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “काका, मागची केबिन फाडून टाकू या. नुसती पिकअप ठेवा, निम्म्या पैशांत होईल. नाहीतरी ती कंपनीची नाहीये.”

मी म्हटलं, “अरे, ती केबिन नसेल तर मी ही गाडी कशाला घेतली?”

मग त्यानं तीन महिने लाकडी साच्यावर पत्रा ठोकला. जुन्या मिस्त्रीनं लोखंडी अँगलचा सांगाडा केला होता. तो जिथे धड होता तिथे तसाच ठेवला, कुजला होता तिथे तेवढाच तुकडा जोडला. सडक्या पत्र्यावर पुट्टी थापून वरून रंग मारणारे पुष्कळ भेटतात. दिवाळीत गाडी चकचकीत दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगते. रंगाचं म्हणाल तर आमच्या भागात तो थंडी संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्येच मारावा. दमट हवेत जुन्या पद्धतीच्या एनसी रंगावर पांढरट झाक येते. मग कितीही पॉलिश करा. मागच्या बाकाला मी काळं रेक्झिन आणि आत काथ्याच भरला. चिरंजीव मऊ फोम आणि म्युझिक सिस्टिम सुचवत होते. त्यांना मी म्हटलं, ते तुझ्या गाडीत लाव.

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. या गाड्या मुळात पेट्रोलवर चालणाऱ्या. १९७३ नंतर पेट्रोल कडाडलं आणि पुढे हजारो जीपवाल्यांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. माझ्या गाडीतही आधीच्या मालकानं ते केलं, आरसी बुकात रीतसर नोंद आहे. ज्यांच्याकडे अजून पेट्रोल इंजिन आहे त्यांना एक सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मानवत नाही, आणि टाकीत पाणीही धरतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या बदलून घ्या, आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

तर डिझेल ठेवायचं की मूळ पेट्रोल शोधून बसवायचं? मी डिझेल ठेवलं, आणि त्यातूनच खरी अडचण पुढे येते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे बदल न केलेली, बिगर-व्यावसायिक खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे, जुन्या मोटारींचे मालक सुखावले. माझ्या गाडीची पन्नाशी उलटली आहे. पण ती मालवाहू म्हणून नोंदलेली, इंजिन बदललेलं, केबिन बाहेरून बांधलेली. या दारातून ती आत जाऊ शकत नाही. मग तिला उरतो तो मालवाहूचा रस्ता. दरवर्षी फिटनेस, पर्यावरण कर, आणि निरीक्षकासमोर एखाद्या नव्या टेम्पोसारखी परीक्षा. दरवर्षी मी ती देतो. ज्या वर्षी पास होणार नाही त्या वर्षी काय, याची धास्ती असतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कष्टाच्या गाडीचं मूळ स्वरूप वेगळ्या मापानं मोजायला हवं. राजाची मोटार गॅरेजमध्ये झाकून राहिली, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. कामाची गाडी दर दहा वर्षांनी बदलली, म्हणूनच ती जगली. जर्मनीत बिन्झची जोडकेबिन हा ठेवा मानतात आणि आमच्या मिस्त्रीची जोडकेबिन म्हणजे छेडछाड, हे मला पटत नाही. जिची कागदोपत्री नोंद आहे आणि जिला पन्नास वर्षं झाली, अशी मालवाहू गाडीही या नियमात घ्यावी. रोज मालवाहतूक करू नये ही अट घाला, हवं तर.

हे आजच म्हणायला हवं, कारण गाड्या संपत आल्या आहेत. पूर्वी सरकारी कंपन्यांच्या, वीज मंडळाच्या, पाटबंधारे खात्याच्या लिलावांत त्या निघत आणि कुणीतरी हौशी उचलत असे. हिंदुस्तान ऑरगॅनिकच्या रसायनीतल्या न चालणाऱ्या विभागांवर २०१७ मध्ये केंद्रानं पडदा टाकला. उरला तो इस्रोला रॉकेटसाठी लागणाऱ्या रसायनाचा विभाग. आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी व सार्वजनिक उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते. त्यांनी नोंदणीकृत भंगार केंद्रात जायचं. धूर ओकणारी वाहनं जावीत, याबद्दल वाद नाही. पण लिलावाची ती वाट बंद झाली. इकडे नव्या डबल केबिनला भाव आलाय. इसुझू झाली, टोयोटाची हायलक्स झाली. लोक लाखो रुपये मोजून घेतात आणि हौदा रिकामा ठेवून लोणावळ्याला जातात.

आता ज्या काही जुन्या उरल्या असतील त्या कंत्राटदारांच्या आवारात, विटभट्ट्यांवर, कर्जतकडच्या फार्महाउसच्या मागे. तुमच्या पाहण्यात एखादी असेल, तर किलोच्या भावानं जाण्याआधी तिची कागदपत्रं शोधून ठेवा आणि चासीवरच्या नंबराला ग्रीस लावून ठेवा; तो गंजून पुसला गेला की गाडी कितीही चांगली असो, ती कुणाचीच राहत नाही. चारही चाकं उचलून दगडांवर टेकवा, मागच्या बाकाखालची पेटी रिकामी करून तिथल्या पत्र्याला पाणी जायला भोक पाडा. आणि बॅटरी काढून घरात ठेवा.