शटरामागची रातपाळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मुंबईत किंवा ठाण्यात रात्री दोन वाजता एखाद्या घरातले तान्हे मूल रडू लागते. दुधाच्या भुकटीचा डबा संपलेला असतो. पूर्वी अशा वेळी आई पहाटेची वाट पाहत असे, नाहीतर शेजारणीचे दार ठोठावत असे. आता ती मोबाइलवर मागणी नोंदवते आणि थोड्याच वेळात डबा दाराशी येतो. डबा आणून देणारा दुचाकीस्वार तिला दिसतो. फळीवरून तो डबा काढणारा हात मात्र तिला कधीच दिसत नाही. आजच्या भाषणाचा विषय तो हात आहे.

ज्या दुकानातून हा डबा येतो त्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. तेथे अंधार नसतो. उलट रात्रभर पांढरे झगझगीत दिवे जळत असतात. दुकान अंधारे आहे ते गिऱ्हाइकाच्या दृष्टीने, कारण त्याला आत प्रवेशच नाही. शटर अर्धे खाली, बाहेर दुचाकींची रांग, आत अरुंद वाटा आणि डोक्याच्या वर गेलेल्या फळ्या. गादीवर बसलेला शेठ नाही, गल्ला नाही, उधारीची वही नाही. किराणा दुकानातून माणूस वजा केला तर जे उरेल, ते हे दुकान होय.

या दुकानात रातपाळी करणाऱ्या कामगाराचे जे चित्र येथे मांडायचे आहे, ते कोणा एकाचे नव्हे. एकाच तऱ्हेने जगणाऱ्या पुष्कळांचे आहे. तो दिव्याच्या चाळीत राहतो आणि मुलुंडला कामाला जातो, असे समजू. पाळी रात्री दहाची, म्हणून साडेआठला तो घर सोडतो. समोरून येणाऱ्या लोकलमधून माणसे लोंबकळत घरी परतत असतात. तेव्हा हा उलट दिशेने निघालेला असतो. सारे शहर दिवसाचा हिशेब मिटवीत असताना त्याचा दिवस उघडतो.

कामाचे स्वरूप पाहा. हातात एक यंत्र. त्याच्या पडद्यावर वस्तूचे नाव आणि फळीचा क्रमांक उमटतो, आणि त्याच क्षणी घड्याळ चालू होते. कोथिंबिरीची जुडी एका टोकाला, पाच किलो आट्याची पिशवी दुसऱ्या टोकाला, आइस्क्रीम तिसरीकडे शीतपेटीत. हे सारे गोळा करून, पिशवीत भरून, चिठ्ठी लावून स्वाराच्या हाती द्यायचे. वाटेत एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, तर दोष मांडणाऱ्याचा असला तरी उशीर शोधणाऱ्याच्या नावावर जातो. मध्यरात्रीनंतर मागणी ओसरते. काम ओसरत नाही. तेव्हा गुदामातून मालाचा टेम्पो येतो. खोकी उतरवायची, मोजायची, फळीवर लावायची. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, नवा माल मागे. पहाटे दूध आणि पाव येतात. सकाळी सातला तो बाहेर पडतो, तेव्हा पायांना नऊ तासांचे चालणे घडलेले असते. चालणे म्हणण्यापेक्षा धावणे म्हणावे हे बरे.

आणि मग झोप. रातपाळीच्या माणसाची खरी लढाई येथे सुरू होते. वर पत्रा तापत असतो. नळाला पाणी येण्याची वेळ हीच, पोरांच्या शाळेची गडबड हीच, शेजारच्या मिक्सरची घरघर हीच. गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी असत. एक उठला की त्याच्याच पथारीवर दुसरा आडवा होई. परंतु त्या खोलीला रातपाळी ठाऊक होती. दिवसा झोपणाऱ्याच्या उशाशी मोठ्याने बोलू नये, एवढा रिवाज तेथे होता. आजच्या चाळीत हा एकटाच दिवसा झोपतो, म्हणून तो आळशी ठरतो.

या जगण्याचे मोल केवळ थकव्यात मोजून भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रातपाळीच्या कामाचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगास कारणीभूत’ अशा गटात केला, आणि २०१९ साली पुनर्विचार करून तोच निष्कर्ष कायम ठेवला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० साली रात्रकामाविषयी १७१ क्रमांकाचा करार संमत केला. रात्री काम करणाऱ्याची विनामूल्य आरोग्य तपासणी व्हावी आणि प्रकृती रात्रकामाला अयोग्य ठरल्यास शक्य असेल तेथे त्याला जमेल असे दुसरे काम मिळावे, अशा तरतुदी त्यात आहेत. भारताने या कराराला अनुमती दिलेली नाही.

आता त्याची मते. कार्यकर्त्याला ही मते अडचणीची वाटतील; म्हणूनच ती नीट ऐकली पाहिजेत.

पहिले मत असे, की रात्री दुकान चालू असू नये असे त्याला मुळीच वाटत नाही. रात्री दोनचा दुधाच्या भुकटीचा डबा त्यानेच काढून दिलेला असतो. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्यासाठी मागवलेली साखर-मिठाची पुडी त्याच्याच हातून जाते. तशीच शीतपेये आणि वेफर्सही जातात. त्याविषयीही तो कुरकूर करीत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की रात्रीची ही सोय फुकट होत नाही. तिची किंमत कोणीतरी देतो. मग ती देणाऱ्याचे नाव पावतीवर का नसावे?

दुसरे मत असे, की ही नोकरी त्याला पूर्वीच्या कामापेक्षा बरी वाटते. गावाकडे पावसावरची शेती. शहरात आल्यावर नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम. त्या मानाने येथे डोक्यावर छप्पर आहे आणि पगार बँकेत जमा होतो. ‘तुझी पिळवणूक होते आहे’ असे कोणी येऊन सांगितले, तर तो हसून म्हणेल, ‘ठाऊक आहे, पण याहून कमी पिळवणूक कुठे होते, तेवढे सांगा.’ या प्रश्नाचे उत्तर न देता त्याच्यापुढे भाषण करणे हा त्याचा अपमान आहे.

तिसरे मत संघटनेविषयी. त्याचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. घरात संपाची आठवण निघते ती मोडलेल्या भांड्यांसारखी. म्हणून युनियन हा शब्द ऐकताच तो सावध होतो. ही सावधता भ्याडपणाची नव्हे, अनुभवाची आहे. तिला उत्तर द्यायचे, तर त्याच शहराच्या दुसऱ्या एका अनुभवाने दिले पाहिजे. त्याकडे वळण्यापूर्वी कायद्याची आजची स्थिती पाहू.

महाराष्ट्रात दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिली. त्याच कायद्याने काही मर्यादाही घातल्या. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट वेतन, आठवड्याची सुट्टी. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम द्यायचे, तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन, या अटी. हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यातील बदलांना मंजुरी दिली : दहाच्या जागी वीस कामगार, आणि नऊच्या जागी दहा तास. लगोलग १ ऑक्टोबर २०२५ रोजी मद्याची दुकाने वगळता इतर दुकानांना चोवीस तास मुभा आहे, असे शासनाने पुन्हा बजावले. दुकानाच्या रात्रीची आठवण शासनाने अगत्याने ठेवली. त्या रात्रीत उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र कायद्याबाहेर ढकलणारा आकडा आणि एक तास जास्त काम आले.

शिवाय ‘मालक कोण?’ हा प्रश्न आहेच. दुकानावर पाटी एका कंपनीची, मनुष्यबळ पुरविणारा कंत्राटदार दुसरा, आणि क्वचित जागा चालविणारा तिसरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ओळखला आहे. पण ती ओळख प्रामुख्याने बाहेरच्या स्वाराला लागू पडते. आतला माणूस ना स्वार, ना पूर्वीसारखा दुकानातला नोकर. ३१ डिसेंबर २०२५ रोजी स्वारांनी संप केला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी ‘दहा मिनिटांत घरपोच’ या जाहिरातींविरुद्ध कंपन्यांना समज दिली. ते योग्यच झाले. परंतु जाहिरात उतरली म्हणून आतल्या यंत्रातले घड्याळ थांबत नाही.

मित्रहो, मालक कोण हे सांगता येत नाही अशा कामगारांचा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रथमच आलेला नाही. मशीद बंदरच्या किराणा बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींना तरी एक मालक कुठे होता? आज या पेढीची गोणी, उद्या त्या पेढीची. हजेरी नाही, सुट्टी नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. ते संघटित झाले. मुंबईत अण्णासाहेब पाटील उभे राहिले, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. त्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने मालक शोधत बसण्याचा घोळ निकालात काढला. व्यापारी आणि कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंद करावी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि औषधोपचार द्यावेत. त्या कायद्याखालच्या मंडळांपैकी एकाचे नावच ‘किराणा बाजार व दुकाने मंडळ’ आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यांतही मंडळ आणि शुल्क ही कल्पना आहे. जी वाट महाराष्ट्राने प्रथम दाखविली, ती महाराष्ट्रानेच विसरावी का?

ही व्यवस्थाही निर्दोष नाही. मंडळांत शैथिल्य आले, बनावट टोळ्या शिरल्या, कायद्याच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले. दोष दूर केलेच पाहिजेत. पण संघटनेने सारे बुडते असे मानणाऱ्या नातवाला हे सांगता येईल, की आजोबांचा संप ज्या शहरात हरला, त्याच शहरात पोती वाहणाऱ्यांनी आपले नाव नोंदवहीत लिहून घेतले.

तेव्हा मागण्या थोड्या आणि सुस्पष्ट असाव्यात. आतल्या प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आणि वेतनचिठ्ठी मिळावी, मग कंत्राटदार कोणीही असो. रात्रीच्या तासांना वेगळा भत्ता मिळावा. दोन मागण्यांच्या मधे टेकायला बाक असावा. वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्य तपासणी व्हावी. पाळी लोकल बंद असताना सुटत असेल, तर स्त्री असो वा पुरुष, घरी पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीची असावी. आणि कामगारांची संख्या वीस आहे की एकोणीस हे न पाहता, या साऱ्या दुकानांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ असावे.

शेवटी एक गोष्ट आपल्याविषयी. आपल्या सभा संध्याकाळी सातला भरतात. त्या वेळी हा कामगार नुकता उठून, अंघोळ उरकून डबा भरीत असतो. आपले अभ्यासवर्ग रविवारी सकाळी असतात. तेव्हा तो डोळ्यांवर फडके बांधून झोपलेला असतो. तो आपल्याकडे येत नाही, अशी तक्रार आपण करतो. आपण त्याच्या वेळेला कधी गेलो? सकाळी सात वाजता पाळी सुटते. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो दहा मिनिटे थांबतो. दिवसातला त्याचा स्वतःचा वेळ तेवढाच. पहिली सभा तेथे भरली पाहिजे. व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको. एक वही पुरे. त्या वहीत त्याचे नाव, त्याची पाळी आणि त्याचे कामाचे तास लिहून घ्यायचे, आणि उरलेला वेळ त्याला बोलू द्यायचे.