पावलांचा हिशेब

चेन्नईचा मरीना किनारा पाहावा तो पहाटे. बंगालच्या उपसागरातून सूर्य वर येण्यापूर्वीच तेथील फरसबंद वाटेवर चालणाऱ्यांची रांग लागलेली असते. वेष्टी सावरीत झपझप जाणारे वृद्ध, साडीवर कॅनव्हासचे बूट चढविलेल्या गृहिणी, डोक्याला मफलर गुंडाळलेले सावध मद्रासी! ही वाट १८८० नंतरच्या दशकात ज्याने आखविली, तो गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा मुलगा. पित्याने मराठ्यांच्या दौडी लिहून ठेवल्या, पुत्राने मद्रासकरांच्या फेरफटक्याची सोय केली, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही.

या चालणाऱ्यांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. एकाच कचेरीतील वीस-पंचवीस माणसे महिनाभराची पैज लावून चालावयास निघतात. प्रत्येकाच्या मनगटावर अथवा खिशात पावले मोजणारे यंत्र असते. दिवसाला दहा हजार पावले हे लक्ष्य ठरते आणि रात्री सर्वांचे आकडे एकमेकांस कळविले जातात. पहिला आठवडा उत्साहाचा जातो. दुसऱ्या आठवड्यात पहिले तीन-चार वीर कोण, हे ठरून जाते. मग इतरांच्या मनात येते की, आपण कितीही चाललो तरी या यादीच्या तळाशीच राहणार; तेव्हा न चाललेलेच बरे. कोणी खुर्चीत बसून मनगट हलवीत आकडा वाढवितो, तोही याच सुमारास. महिनाअखेर बक्षीस मिळते ते ज्याला पैजेची मुळीच गरज नव्हती अशा माणसाला. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला, तो मधुमेहाने गांजलेला हिशेबनीस केव्हाच घरी बसलेला असतो.

या दहा हजारांचे मूळ तरी काय? १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले आणि जपानात व्यायामाची लाट आली. पुढच्याच वर्षी तेथील एका घड्याळ कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा सुबक होता, लक्षात राहणारा होता. तो रूढ झाला. वैद्यकाने तो पुष्कळ नंतर तपासला. २०१९ साली अमेरिकेत सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला २,७०० च्या आसपास पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ वाढेनासा झाला. अशा पाहणीने कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही सर्वांत मोठा फरक दिसतो तो थोडे चालणारा थोडे अधिक चालू लागतो तेथेच. म्हणजे पैजेत जो तळाशी असतो, त्याच्याच पावलांना सर्वांत अधिक मोल आहे!

तामिळनाडू शासनाने ४ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नडप्पोम् नलम् पेरुवोम्’, म्हणजे ‘चालू या, आरोग्य मिळवू या’, ही योजना आरंभिली. राज्याच्या ३८ जिल्ह्यांत आठ किलोमीटरांच्या वाटा निश्चित करण्यात आल्या. चेन्नईत बेझंट नगर त्यासाठी निवडले गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांनी एकत्र चालावे आणि तेथेच रक्तदाब, साखर तपासून घ्यावी, अशी मूळ कल्पना. आठ किलोमीटर म्हणजे साधारण दहा हजार पावलेच झाली. पण या योजनेत शहाणपण आहे ते अंतरापेक्षा दिवस ठरविण्यात आणि वाटेवर तपासणी ठेवण्यात.

समूहाने चालणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला परक्याकडून शिकावयास नको. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. हे अंतर वारकरी सुमारे तीन आठवड्यांत चालतात. त्यांत तरणे आहेत, तशा साठी ओलांडलेल्या आजीबाईही आहेत. तेथे कोणी कोणाच्या पुढे जाण्याची पैज लावीत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यास एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावून दिली, तीत प्रत्येक दिंडीला रथापुढे वा रथामागे आपला क्रमांक आहे. चालही मुक्कामांनी बांधलेली आहे. संध्याकाळच्या समाज-आरतीचा प्रकार तर कोणत्याही संयोजकाने अभ्यासावा असा आहे. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असताना चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता पसरते. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते. दिवसभर मागे राहिलेल्याचा आवाज रात्री निजण्यापूर्वी ऐकला गेला पाहिजे, ही योजना केवढी समंजस!

चेन्नईलाही हे अपरिचित नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवरून पहाटे भजन करीत फिरण्याची प्रथा आहे. पापनाशम् शिवन् यांनी कित्येक वर्षे अशा भजनांचे नेतृत्व केले. पद संपेपर्यंत सर्वांनी बरोबर राहावयाचे, म्हणून पावलेही बेताने पडावयाची.

तेव्हा चेन्नईतील कचेरीने असा उपक्रम करावयाचा झाला, तर तो पोंगलनंतर आरंभून मार्च तापण्यापूर्वी संपवावा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथे पावसाचा काळ, आणि एप्रिल-मेचे ऊन समुद्राच्या वाऱ्यालाही जुमानीत नाही. पहिल्या आठवड्यात लक्ष्यच ठेवू नये. प्रत्येकाने नेहमीसारखे वागून आपली पावले लिहावीत आणि पुढे आपल्याच त्या आकड्यात हजार-पाचशेंची भर घालावी. फळ्यावर पावले लिहूच नयेत, हजेरी लिहावी. कोणाच्या पायाला मधुमेहामुळे बधिरता असेल, कोणाच्या छातीत कळ येत असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे आणि ती गोष्ट चारचौघांत उघड करण्याची सक्ती नसावी. पहाटेची वेळ ज्या स्त्रियांना घरकामामुळे शक्य नाही, त्यांच्यासाठी दुपारच्या सुटीत कचेरीच्या आवारातील फेरीही हजेरीत धरावी. हा मुद्दा संयोजक पुरुष असले की हमखास विसरला जातो.

सर्वांत चपळ माणसाला मात्र शेवटी चालावयास लावावे. त्याला ते जड जाईल, पण मागे कोणी उरले नाही हे पाहणारा तोच. भेटण्याची जागा म्हणून मरीनावरचा १९५९ सालचा श्रमिकांचा पुतळा सोयीचा आहे. देवीप्रसाद रायचौधरींनी घडविलेले ते चार गडी एकच शिळा रेटीत आहेत. लांबूनही ते ओळखू येतात. तेथे परत आल्यावर माणसे मोजावीत, एखादा राहिला असेल तर त्याची वाट पाहावी आणि मगच सर्वांसाठी कापी मागवावी.