सोलापूरच्या उन्हात आपलं स्वागत

गावोगावहून आलेले त्वचारोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि ल्युपसला तोंड देत रोजचा संसार चालवणाऱ्या माझ्या भगिनींनो,

सोलापुरात आपलं मनापासून स्वागत. अतिनील किरण आणि ल्युपस या विषयाची परिषद सोलापुरात भरणार हे कळल्यावर पुण्याच्या एका स्नेह्यांनी विचारलं, "परिषद आहे की प्रात्यक्षिक?" त्यांनाही आम्ही आग्रहानं बोलावलं आहे.

स्वागताध्यक्षानं थोडक्यात आटपावं, असा संकेत आहे. पण मी पडलो त्वचेचा डॉक्टर, तेव्हा विषयाला हात लावल्याशिवाय खाली बसणार नाही.

सोरायसिसच्या रुग्णाला आपण ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी या अतिनील किरणांच्या नळ्यांसमोर उभं करतो, कारण हे किरण त्वचेतली प्रतिकारयंत्रणा शांत करतात. ल्युपसमध्ये मात्र तेच किरण तिला चेतवतात. यूव्हीबीनं बाह्यत्वचेतल्या केराटिनोसाइट पेशी मरतात. निरोगी त्वचेत त्यांची वेळच्या वेळी विल्हेवाट लागते, ल्युपसमध्ये ती रेंगाळते. मरणाऱ्या या पेशींच्या पृष्ठभागावर फुगे येतात, आणि एरवी पेशीच्या आत असणारी 'रो'सारखी प्रथिनं त्या फुग्यांत गोळा होतात, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लिव्हिया कॅसिओला-रोझेन, अँटनी रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९४ मध्ये दाखवून दिलं. रक्तातल्या प्रतिपिंडांना मग लक्ष्य आयतंच सापडतं. इजा झालेला डीएनए पेशीतल्या सीगॅस या संवेदकाला जागा करतो आणि टाइप वन इंटरफेरॉन वाहू लागतं. शिवाय ल्युपसच्या रुग्णाची वरून निरोगी दिसणारी त्वचाही इंटरफेरॉन कप्पा जास्तच बनवत असते. म्हणजे ठिणगी पडण्याआधीच कडब्याची गंजी वाळून तयार.

आणि ही आग त्वचेपुरती राहत नाही. सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर हे किरण सोडले, तेव्हा न्यूट्रोफिल पेशी थेट मूत्रपिंडात जाऊन पोचल्या. उन्हाळ्यानंतर एखादीच्या लघवीत प्रथिनं दिसली, तर मला हा प्रयोग आठवतो. इंटरफेरॉनचा ग्राहीच अडवणाऱ्या अ‍ॅनिफ्रोलुमॅब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या किमतीबद्दल मी स्वागताच्या भाषणात बोलत नाही.

माझं खरं गाऱ्हाणं आपल्या बाह्यरुग्ण विभागाबद्दल आहे. ल्युपसचा चट्टा ऊन लागलं त्याच संध्याकाळी उठेल असं नाही. तो आठवड्यानं येतो, कधी दोन-तीन आठवड्यांनीही. आपण विचारतो, "काल-परवा उन्हात गेला होतात का?" ती म्हणते, "नाही हो, घरातच होते." आपण कागदावर 'नाही' लिहून मोकळे होतो आणि ती घरी जाऊन वांगं बंद करते. मागच्या महिन्यातली जत्रा, लग्न, काढणी यांची चौकशी करायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, "उन्हात जाऊ नका" हा सल्ला खुरपणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला देताना आपली जीभ अडखळली पाहिजे. सनस्क्रीन आपण औषध म्हणून लिहितो, दुकानदार ते सौंदर्यप्रसाधनांच्या कपाटातून काढतो आणि किंमत ऐकून ती तशीच परत फिरते. शेतात जाताना बायका साडीवर पुरुषी सदरा घालतात, तो तिच्याकडे असतोच. बाह्या मनगटापर्यंत ठेव, गळ्याचं बटण लाव, घट्ट विणीचा निवड, डोक्यावरून पदर पुढे ओढ, जमेल तेवढं काम दहाच्या आत उरक, एवढं तरी तिला पेलणारं आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चुकवू नको, हेही त्याच दमात सांगावं.

आता व्यवस्थेबद्दल. अतिनील किरणांतलं यूव्हीए काचेतून आत येतं, म्हणून सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लावले आहेत. अंधारल्यासारखं वाटलं तरी कृपया ते सरकवू नका. जेवणाचा मंडप बाहेर आहे, पण रुग्ण भगिनींची पंगत आतल्या दालनात बसेल, आणि शेंगाची चटणी व कडक भाकरी दोन्हीकडे सारखीच मिळेल. उद्या त्यांच्याशी संवादाचं सत्र मुद्दाम सूर्यास्तानंतर ठेवलं आहे, तेव्हा परतीच्या गाड्यांची तिकिटं त्या बेतानं काढा.

पुन्हा एकवार सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.